मे महिन्यातला झरा किती माणसांना पुरेल?

रायपूरच्या सदर बाजारात अक्षय्य तृतीयेची सोनेखरेदी आणि लग्नसराईची धांदल ओसरली की गप्पांचा विषय बदलतो. बाहेर पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो, मुलांच्या शाळा बंद असतात आणि दुकानादुकानांत एकच प्रश्न विचारला जातो: यंदा थंड हवेला कुठे? कुणी पचमढीचे नाव काढतो, कुणी मैनपाटचे. इथली मराठी घरे चिखलदऱ्याचा किंवा महाबळेश्वरचा बेत आखतात, कारण वाटेत अमरावतीची मावशी किंवा साताऱ्याचे काका असतातच.

या बेतात एक कोडे लपलेले आहे. रायपुरात वर्षाला साधारण बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्याही वर, म्हणजे चौपटीहून अधिक. तरीही मे महिन्यात रायपूरच्या नळाला पाणी असते आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या काही वाड्यावस्त्या टँकरची वाट पाहत असतात. ज्या डोंगरावर कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या उगम पावतात, तिथेच घागरी रिकाम्या का राहतात?

डोंगराळ भागातले पर्यटन कसे आखावे, त्याचे धोरण कसे असावे, या सगळ्या प्रश्नांची वाट या कोड्यातून जाते. म्हणून आधी डोंगराच्या पोटात शिरू.

डोंगरमाथ्यावरचा माठ

रायपूरचे पाणी डोळ्यांना दिसते. सदर बाजारापासून जवळच बुढा तालाब आहे. शहराला पाणी पुरवणारी खारून नदी आहे, आणि उन्हाळ्यात तिला आधार देणारे गंगरेलचे मोठे धरण आहे. सपाट मुलखात पाणी अडवता येते, साठवता येते. डोंगरमाथ्यावर एवढा मोठा तलाव बांधायला जागा नसते. तिथली साठवण दगडात होते.

महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड, माथेरान आणि साताऱ्याजवळचे कासचे पठार यांच्या माथ्यांवर जांभ्या दगडाचा थर आहे. खाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. वर तांबडा जांभा. लक्षावधी वर्षे ऊन आणि पाऊस सोसून काळ्या कातळाचा वरचा भाग झिजला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि हा छिद्राछिद्रांचा दगड तयार झाला. कोकणातल्या घरांच्या भिंतींत तो आपण पाहिलेला असतो.

पावसाचे पाणी या थरात झरझर उतरते. जांभ्याच्या तळाशी चिकण मातीसारखा घट्ट थर असतो, त्याखाली कातळ. तिथे पाणी थबकते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कडेला जिथे वाट मिळेल तिथून झरा होऊन बाहेर पडते. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरातले पाणी अशाच डोंगरातून येते. घरातला माठ आठवा. वरून ओतलेले पाणी मातीच्या कणाकणांत मुरते आणि बाहेरून हळूहळू पाझरते. डोंगराचा हा माठ चार महिन्यांत भरतो आणि उरलेले आठ महिने पाझरतो. भरल्यावर वरून किती पाणी वाहून गेले, याला नंतर काही अर्थ उरत नाही. साडेपाच हजार मिलिमीटर पावसातला फार मोठा भाग असाच कोकणात किंवा धरणांत निघून जातो. मे महिन्यात हाती लागते ते फक्त माठात उरलेले पाणी.

आणि मे महिना हाच गर्दीचा महिना. झरा सर्वांत बारीक झालेला असतो, तेव्हाच हॉटेलांच्या खोल्या सर्वांत जास्त भरलेल्या असतात. कोड्याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. पाऊस वर्षाच्या सरासरीत मोजला जातो, तहान मात्र मे महिन्यात लागते.

माठाला तडे कसे जातात

बाकीचे अर्धे उत्तर माणसाच्या करणीत आहे. जांभ्याचा उघडा माथा हा माठाचे तोंड आहे. त्यावर वाहनतळ, काँक्रीटचा रस्ता, हॉटेलचे आवार, टाइल्सचे अंगण आले की तेवढे तोंड झाकले गेले. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी गटाराने उतरते. एका हॉटेलच्या आवाराने झऱ्याला फरक पडत नाही; शंभर आवारांनी पडतो.

दुसरा तडा विंधन विहिरीचा. हॉटेलच्या मागे खोदलेली विहीर नवे पाणी निर्माण करत नाही. खालच्या वाडीच्या झऱ्याला डिसेंबरनंतर जे पाणी मिळणार होते, तेच ती वरच्या वर उपसते. म्हणून हॉटेलात चोवीस तास पाणी आणि तीन किलोमीटर खालच्या वाडीत कोरडा झरा, हे दृश्य एकाच वेळी दिसू शकते. दोघांचे पाणी एकच आहे, हे कागदावर कुठेही नोंदलेले नसते.

तिसरा तडा सर्वांत कमी दिसतो आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. सपाट प्रदेशातल्या जाड मातीतून सांडपाणी हळूहळू झिरपते आणि वाटेत बरेचसे गाळले जाते. जांभ्यातल्या नळीसारख्या पोकळ्यांतून ते वेगाने धावते आणि गाळले जायला वेळच मिळत नाही. शोषखड्ड्यातले मैलापाणी काही काळातच खालच्या झऱ्यात उतरू शकते. डोंगरावर मलनिस्सारणाची सोय हॉटेल बांधण्याआधी व्हायला हवी, त्याचे कारण हे आहे. मैदानी शहराचे बांधकाम नियम जसेच्या तसे डोंगरावर चालत नाहीत, तेही यासाठीच.

माथेरानच्या फरसबंदीच्या वादात हा सगळा प्रश्न एकवटला होता. तिथल्या तांबड्या मातीच्या वाटा पावसाळ्यात धुपतात, चालणाऱ्यांचे हाल होतात, म्हणून मातीचे पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की वाट झाकली की पाणी मुरणार नाही आणि आज मोटारबंदी असलेल्या माथ्यावर उद्या मोटारी येतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसवायला परवानगी दिली, पण आतल्या वाटा आणि पायवाटा तशाच ठेवायला सांगितल्या. ही मला शहाणी विभागणी वाटते. जिथे पावलांची वर्दळ सर्वाधिक आणि धूप सर्वाधिक, तिथे बांधायचे. बाकी माथा उघडा ठेवायचा.

वहन क्षमता म्हणजे काय

नियोजनाच्या कागदांत एक शब्द वारंवार येतो: वहन क्षमता. एखादी जागा स्वतःचे न भरून येणारे नुकसान न होता किती माणसांचा भार पेलू शकते, त्याचा तो अंदाज. निसर्गस्थळांसाठी मिगेल सिफुएंतेस या अभ्यासकाने १९९२ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही वापरली जाते. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, जागेत शारीरिकदृष्ट्या किती माणसे मावतील. दुसरी, पाऊस, धूप, चढ, वन्यजीवांचा विणीचा काळ अशा अडचणी वजा करून किती उरतील. तिसरी, व्यवस्थापनाची खरी ताकद पाहून, म्हणजे किती रखवालदार, किती शौचालये, किती कचरागाड्या आहेत हे बघून, किती सांभाळता येतील. प्रत्येक पायरीवर आकडा लहान होत जातो.

आपल्याकडचे बहुतेक आराखडे पहिल्या पायरीवरच थांबतात. वाहनतळात किती गाड्या मावतील आणि किती खोल्या बांधता येतील, एवढाच हिशेब होतो. पण डोंगराची क्षमता त्याच्या सर्वांत तोकड्या साधनावर ठरते, आणि जांभ्याच्या डोंगरावर ते साधन बहुधा मे महिन्यातले पाणी असते.

चौकट : एका कल्पित पठाराचा हिशेब

समजा, एका पठारावरचे सगळे झरे मिळून मे महिन्यात रोज ४ लाख लिटर पाणी देतात. तिथे ३,००० माणसे राहतात. ग्रामीण नळयोजनांसाठी धरला जाणारा माणशी ५५ लिटरचा दर लावला तर त्यांना १,६५,००० लिटर लागते. गुरे, शेत, ओढ्यातले जीव आणि जंगल यांच्यासाठी १,३५,००० लिटर राखून ठेवले. उरले १ लाख लिटर. साध्या हॉटेलसाठी शासकीय नियमावली दर खाटेला १८० लिटर धरते. त्या दराने ५५५ खाटा होतात. पंचतारांकित हॉटेलचा दर खाटेला ३२० लिटर; त्या दराने ३१२. याच पठारावर ऑगस्टच्या पाण्याचा किंवा वर्षाच्या सरासरीचा हिशेब धरला तर काही हजार खाटा कागदावर सहज बसतील, आणि मे महिन्यात टँकर लागेल.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गावकऱ्याला ५५ लिटर आणि पाहुण्याला १८० किंवा ३२०, हा फरक नियमावलीतच आहे. कुणाच्या वाट्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, हा निर्णय अभियंत्याच्या हातातला नाही, तो गावाचा आहे. आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तिसरा वाटेकरीही आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारे स्ट्रॉबेरीचे शेतही याच झऱ्यांकडे पाहते.

एकेक परवानगी आणि सगळ्यांची बेरीज

कायदा याबाबत काय करतो? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकार एखादा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. महाबळेश्वर-पाचगणीचे सुमारे १२४ चौरस किलोमीटर क्षेत्र १७ जानेवारी २००१ रोजी असे जाहीर झाले. माथेरान आणि भोवतालचे सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र ४ फेब्रुवारी २००३ रोजी. अशा भागासाठी वेगळा प्रादेशिक आराखडा करावा लागतो. तीव्र उतारांवरचे बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम, भूजलाचा उपसा यांवर बंधने येतात, आणि देखरेखीसाठी समिती नेमली जाते.

यामागची कल्पना नीट समजून घेण्याजोगी आहे. बांधकामाची परवानगी नेहमी एकेका प्रकल्पाला मिळते. एक बंगला, एक हॉटेल, एक वाहनतळ. प्रत्येक अर्ज एकटा तपासला तर निरुपद्रवी असतो आणि नाकारायला सबळ कारण नसते. नुकसान बेरजेतून होते, आणि बेरीज कुणाच्याच अर्जात नसते. संवेदनशील क्षेत्राचा आराखडा ही बेरीज आधी मांडतो: या डोंगरावर एकूण एवढेच, आता त्यात वाटणी करा. हे जमले तर खालच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यालाही 'नाही' म्हणायला आधार मिळतो.

पण आराखडा स्वतःहून काही अडवत नाही. समितीची मुदत संपून नवी नेमेपर्यंत वेळ गेला, किंवा बेकायदा बांधकाम आधी झाले आणि नियमितीकरणाचा अर्ज नंतर आला, तर बेरीज बिघडत जाते. पश्चिम घाटाच्या बाबतीत माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये सगळ्या घाटाची संवेदनशीलतेनुसार श्रेणी लावून, ग्रामसभांशी बोलून नियम ठरवण्याची दिशा मांडली होती. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील धरावा असे सुचवले. या दोन अहवालांच्या मधली ओढाताण अजून मिटलेली नाही. लोकांना कायद्याची भीती वाटली, कारण तो वरून आला आणि 'काय करायचे नाही' एवढेच त्यांच्या कानावर पडले. माझ्या मते या वादातला खरा तोटा तोच आहे. ज्या गावकऱ्याचा झरा वाचणार होता, त्यालाच कायदा आपल्याविरुद्ध आहे असे वाटले.

दरम्यान महाराष्ट्रात 'नवीन महाबळेश्वर' उभे करण्याची तयारी चालू आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ त्याचे नियोजन प्राधिकरण आहे, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात सातारा जिल्ह्यातली २३५ गावे होती. सध्याच्या महाबळेश्वरावरचा भार हलका करण्याचा हेतू सांगितला जातो. पण नवे रस्ते आणि नव्या खोल्या आल्या की बहुधा नवे पर्यटकही येतात. जुन्या ठिकाणची संख्या बांधून घातली नाही, तर नव्याने भार वाटला जात नाही, वाढतो.

दाराशीच मोजणी

संख्या बांधून घालायची तर कशी? याची निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या डोंगरांनी शोधली आहेत.

माथेरानचे उत्तर सर्वांत जुने: मोटार वर येऊ द्यायचीच नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा १९०७ पासून नेरळहून वर चढणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. त्यामुळे रुंद रस्ते लागत नाहीत, मोठे वाहनतळ लागत नाहीत आणि माथ्यावरची झाडी टिकते. पण या व्यवस्थेचे ओझे कित्येक वर्षे माणसाच्या खांद्यांवर होते. पर्यटकांना बसवून चढावर रिक्षा ओढणारी माणसे हा माथेरानच्या हिरवाईचा न सांगितलेला खर्च होता. प्रायोगिक ई-रिक्षा २०२२ अखेर सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करायला सांगितले. शाश्वत पर्यटनाच्या व्याख्येत झाडे आणि पाणी असते तशी श्रम करणाऱ्याची प्रतिष्ठाही असली पाहिजे. ती नसेल तर ते धोरण अपुरे आहे, डोंगर कितीही हिरवा राहो.

कासने दुसरे उत्तर शोधले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास होते, आणि फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी पठारावर माणसांचे लोंढे येऊ लागले. इथला जांभा जवळजवळ उघडाच आहे. माती काही बोटे खोल. त्या तुटपुंज्या मातीत खतमूल्य इतके कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती कीटक किंवा सूक्ष्मजीव पकडून उणीव भरून काढतात. अशा जागी हजारो बुटांचा दाब म्हणजे थेट मुळांवर घाव. म्हणून हंगामात आगाऊ ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली. व्यवस्था वनखात्याच्या देखरेखीखाली भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात. तिकिटाचा पैसा आणि रखवालदाराची नोकरी गावात राहते.

कासने आणखी एक धडा दिला, जो आराखडा करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. फुले वाचवायची म्हणून पठाराभोवती कुंपण घातले गेले. माणसे वाटेल तिथून आत शिरायची थांबली, पण गुरेही थांबली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरणाऱ्या गुरांमुळे उंच गवत आटोक्यात राहत होते आणि त्यामुळेच इवल्या फुलांना ऊन मिळत होते. कुंपणाने ते नाते तोडले, फुले कमी होत असल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि शेवटी कुंपण काढावे लागले. डोंगर हा माणूस नसलेला निसर्ग असतो, ही समजूत त्यामागे होती. आपल्याकडचे बहुतेक डोंगर गुराखी, शेतकरी आणि देवराया राखणारी माणसे यांच्यासकटच आजचे झालेले आहेत.

तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालसाठी ई-पास आला. २०२५ च्या हंगामात निलगिरीत एरवीच्या दिवशी ६,००० आणि सुट्टीच्या दिवसांत ८,००० वाहने, कोडाईकनालला अनुक्रमे ४,००० आणि ६,००० अशी मर्यादा घातली गेली. भूतान पैशाची चाळणी लावतो. परदेशी पाहुण्याला रात्रीमागे १०० डॉलर आणि भारतीयाला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते.

संख्येची मर्यादा आणि पैशाची चाळणी या दोन वाटांपैकी मला पहिली जास्त न्याय्य वाटते. केवळ शुल्क वाढवले तर डोंगर श्रीमंतांचा होतो, आणि श्रीमंत पाहुणाच खाटेमागे सर्वांत जास्त पाणी वापरतो. नोंदणीत जो आधी आला त्याला जागा मिळते. सदर बाजारातल्या पेढीच्या मालकालाही आणि त्याच पेढीवर दागिने घडवणाऱ्या कारागिरालाही. मर्यादा घालणे हा पाहुणचारात कमीपणा आहे असे काहींना वाटते. २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा स्थानिक लोक टँकरमागे धावत होते आणि पर्यटकांनी येऊ नये अशी आर्जवे होत होती. आधी मोजले नाही की शेवटी असे दार लावावे लागते.

आपल्या दाराशी : मैनपाट

हे सगळे महाराष्ट्रातले किंवा दूरचे झाले. रायपूरकरांसाठी याची खरी परीक्षा मैनपाटला आहे.

दुर्ग-अंबिकापूर गाडी रात्री रायपूरहून निघते, सकाळी अंबिकापूरला पोहोचते, आणि तिथून रस्त्याने मैनपाटच्या पठारावर चढता येते. उंची हजार मीटरच्या आसपास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटी निर्वासितांना इथे वसवण्यात आले. त्यांच्या छावण्या, मठ आणि टाऊची, म्हणजे कुट्टूची, पांढरी-गुलाबी फुललेली शेते यांमुळे पठाराला वेगळीच ओळख मिळाली. माझी-मझवार आणि इतर आदिवासी समाजांची गावे त्याआधीपासूनची. पाणी चढाकडे वाहत असल्याचा भास होणारे उलटा पानी आणि पायाखाली हलणारी जलजलीची जमीन पाहायला आता सुट्टीत गाड्यांच्या रांगा लागतात.

मैनपाटचा माथाही जांभ्याचाच आहे. दख्खनच्या काळ्या कातळाचे तुटक पट्टे थेट इथवर पोहोचले आहेत आणि त्यांवर तसाच तांबडा थर बसला आहे. अमरकंटकचीही गोष्ट तीच. नर्मदा आणि शोण तिथल्या अशाच माथ्यावरून निघतात. म्हणजे महाबळेश्वराविषयी वर जे सांगितले, ते मैनपाटलाही लागू पडते, एका फरकासह. इथल्या जांभ्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण इतके आहे की त्याला बॉक्साइट म्हणतात आणि तो खणून नेला जातो. महाबळेश्वरात माठाचे तोंड झाकले जाते. मैनपाटात माठच फोडून ट्रकमध्ये भरला जातो. खाण संपल्यावर खड्डा भरून झाडे लावता येतात, पण लक्षावधी वर्षांत घडलेला छिद्रांचा थर पुन्हा बसवता येत नाही. त्यामुळे मैनपाटचा पर्यटन आराखडा आणि तिथल्या खाणींचा आराखडा वेगवेगळ्या खात्यांत, एकमेकांना न विचारता तयार होणे हे मला समजूच शकत नाही. दोन्ही एकाच झऱ्यावर हात टाकतात.

छत्तीसगडकडे इथे एक मोठे साधन आहे. मैनपाट ज्यात आहे तो सरगुजा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि त्याचे राज्याचे नियम २०२२ मध्ये आले. गावाच्या हद्दीतल्या नैसर्गिक साधनांविषयी ग्रामसभेचे म्हणणे तिथे कायद्याने महत्त्वाचे आहे. महाबळेश्वरच्या आराखड्याला जे जमले नाही, म्हणजे नियम गावाच्या तोंडून यावा, ते इथे करता येण्याजोगे आहे. आमच्या झऱ्यातून मे महिन्यात पाहुण्यांसाठी इतकेच पाणी, हा ठराव ग्रामसभेने केला तर तो दिल्लीहून आलेल्या अधिसूचनेपेक्षा जास्त टिकेल.

बस्तरमध्ये याचे एक बोलके उदाहरण आहे. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या धुडमारास गावाने होम-स्टे, बांबूच्या तराफ्यावरची नदीतली फेरी आणि स्थानिक जेवण यांवर पर्यटन उभे केले. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमासाठी जगातली जी २० गावे निवडली त्यांत धुडमारास होते. राज्याने २०२५ मध्ये होम-स्टे धोरणही आणले. होम-स्टेचा फायदा मला पैशापेक्षाही वेगळ्या कारणाने मोलाचा वाटतो. ज्याच्या घरात पाहुणा उतरतो, तोच त्या झऱ्यावर घागर भरतो. पाणी कमी झाल्याचे त्याला अहवालातून कळावे लागत नाही, आणि पाहुण्याला दोन बादल्यांतच आंघोळ करा असे तो न संकोचता सांगू शकतो. दूरच्या शहरातल्या हॉटेल मालकाला ते सांगता येत नाही, कारण त्याने शॉवर विकलेला असतो.

होम-स्टेलाही मर्यादा लागते, हे मात्र विसरता कामा नये. घरोघरी दोन-दोन खोल्या वाढल्या तर बेरीज हॉटेलाएवढी होतेच.

झरा मोजणे अवघड नाही

मैनपाटला महाबळेश्वराच्या मानाने अजून हॉटेले थोडी आहेत. मोजणी आधी आणि बांधकाम नंतर, हा क्रम तिथे अजून शक्य आहे. आणि या मोजणीला मोठी यंत्रे लागत नाहीत. झऱ्याच्या तोंडाशी माहीत असलेल्या मापाचे भांडे धरायचे आणि ते भरायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचे. वीस लिटरचे भांडे चाळीस सेकंदांत भरले तर मिनिटाला तीस लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. दर महिन्याला एकाच दिवशी, प्रत्येक झऱ्यावर, निदान एक पूर्ण वर्ष. शाळेतली मुलेही हे करू शकतात.

पुण्याची ॲक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी संस्था देशभरच्या डोंगराळ गावांना असे झरे समजून घ्यायला मदत करत आली आहे. सिक्कीममध्ये २००८ पासून चाललेल्या धारा विकास कार्यक्रमात तिचे साहाय्य होते. तिथे आधी शोधले जाते की झऱ्याला पाणी नेमके डोंगराच्या कोणत्या भागातून मिळते. तो भाग कित्येकदा झऱ्याच्या वर, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत निघतो. मग तिथे उताराला आडवे चर खणून पाणी मुरवले जाते. आटत चाललेल्या कित्येक झऱ्यांची धार त्यामुळे वाढली. नीती आयोगाच्या एका कार्यगटानेही २०१८ मध्ये हिमालयातल्या झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाचा विषय धोरणाच्या पातळीवर मांडला.

पर्यटन आराखड्यात या कामाला एकच पान लागते, पण ते पहिले असायला हवे: पठाराचा नकाशा, त्यावर प्रत्येक झरा, त्याला पाणी देणारा माथ्याचा भाग आणि मे महिन्यातली धार. पाणी मुरणाऱ्या भागावर बांधकाम नाही, फरसबंदी नाही, खाण नाही, शोषखड्डा नाही. खोल्या, वाहनतळ आणि महोत्सवाचे मैदान त्यानंतरच्या पानांवर, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पाण्यात.

प्रवाशाच्या हाती एवढे तरी आहे की मे सोडून सप्टेंबर अखेर ते जानेवारी या काळात मैनपाटला जावे. तेव्हा झरे भरलेले असतात, टाऊ फुलण्याचे दिवसही याच काळात येतात, आणि गावाला कमाई वर्षातल्या एका महिन्याऐवजी चार-पाच महिन्यांत पसरून मिळते. रायपूरच्या सहल कंपन्यांनी आपले दर त्या हिशेबाने लावले, मे महिन्यात महाग आणि हिवाळ्यात स्वस्त, तर सरकारी आदेशाची वाट न पाहताही गर्दीचा शेंडा बराच खाली येईल.